संत्र्याच्या वहीचे घागरेबाबूजी

रघुनाथजी घागरे यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं मी कधी कोरडी पाहिली नाहीत. सौसरला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जिल्दसाजीचं दुकान होतं. शाळांची हजेरीपुस्तकं, देवळांच्या पोथ्या, वकिलांची जाडजूड बाडं ते शिवून-बांधून देत. जर्मनच्या भगुण्यात मैद्याची खळ सदा शिजलेली असायची आणि झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचं. त्या मोरचुदाची हिरवट झाक त्यांच्या बोटांवर कायमची बसली होती. ती जेवतानाही जात नसे, आणि त्यावरून बोलणं त्यांच्या बायकोनं केव्हाच सोडून दिलं होतं.

मी तेव्हा सौसरच्या मराठी शाळेत नवा मास्तर होतो. हजेरीपुस्तकं बांधायला टाकायचं काम नव्या मास्तराच्याच गळ्यात पडतं, तशी आमची ओळख झाली. साठीला टेकलेला, सुकलेला माणूस. धोतर, बंडी, कानावर पेन्सिल. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणे. ते कोणत्या कचेरीत कधी बाबू नव्हते, पण कागदाशी संबंध असलेला माणूस बाबूच, असा आमच्याकडचा हिशेब. बोलणं तुटक. गिऱ्हाईकानं दोनापेक्षा जास्त वाक्यं बोललेली त्यांना खपत नसत.

पण हाच माणूस त्या काळात आमच्या अख्ख्या भागातल्या बागवाल्यांना एकमेकांशी बोलायला लावत होता. त्यांची स्वतःची साठ झाडं संत्र्याची होती. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आमच्याकडे डिंक्या फार पडला होता. खोडातून डिंक गळतो, साल तडकते आणि भरलं झाड दोन वर्षांत उभ्यानं वाळतं. जो तो आपापला उपाय करी आणि शेजाऱ्याला कळू देत नसे. बाबूजींनी एक जाड वही बांधली, तिच्यावर 'संत्र्याची वही' असं लिहिलं, पहिल्या पानावर आपल्या सहा मेलेल्या झाडांची हकीकत लिहिली आणि कोणाला काही माहीत असल्यास खाली लिहावं अशी विनंती केली. वही बसनं पांढुर्ण्याला गेली, परत येऊन जाम नदीपलीकडे सावरगावला, परत सौसरला, आणि छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, रामाकोन्याला. पंधरा-वीस दिवसांत एक फेरा व्हायचा. तीन वर्षांत चाळीसेक माणसं तिच्यात लिहू लागली. एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं खाली उत्तर लिहायचं, तिसऱ्यानं ते खोडून काढायचं. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते एकमेकांच्या झाडांची नावानिशी चौकशी करत.

प्रत्येक गावाहून वही आधी दुकानात यायची. बाबूजी ती ओळ न ओळ वाचत आणि मगच पुढं धाडत. नियम एकच होता: झाडाचं लिहा. पुढारी, पक्ष, जात, देऊळ, निवडणूक, कोणाची भाऊबंदकी, काही आलं की कानावरची पेन्सिल उतरायची, खाकी कागदाची पट्टी कापली जायची, बोट खळीत बुडायचं आणि ती ओळ झाकली जायची. पान मात्र त्यांनी कधी फाडलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "पान फाडलं त लिवणारा परत येत नाही. झाकलं त येते." आणि झाकलेला माणूस तक्रार घेऊन दुकानात आला, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "झाडाचं बोला ना बाप्पा. माणसाचं बोलाले अख्खं गाव पडलं हाये." पट्टी उचलून पाहणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, असं त्या चाळीस जणांनी न सांगता मानून घेतलं होतं. आजही मला त्याचं नवल वाटतं आणि रागही येतो.

पहिला राग मला आला तो नमस्कारावरून. लिहायला सुरुवात करताना वर कोणी 'राम राम' लिही, जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आलेला 'जय बजरंगबली' लिही. आमची रामाकोन्याजवळ चाळीस झाडं होती. वडिलांच्या वतीनं मी लिहिलं तेव्हा आमच्या घरच्या रीतीप्रमाणं वर 'जय भीम' लिहिलं. वही परत आली तेव्हा त्या दोन शब्दांवर नखाएवढी पट्टी होती. मी तणतणत दुकानात गेलो. बाबूजींनी वही उलटी चाळून दाखवली. मागच्या सगळ्या पानांवर तशाच नखाएवढ्या पट्ट्या. राम राम झाकला होता, बजरंगबली झाकला होता, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या पानावरचं 'श्री'सुद्धा झाकलं होतं. एक संध्याकाळ बसून त्यांनी ते काम केलं होतं. मी वही मिटून परत आलो. सगळ्यांना एकच माप लावलं की न्याय झाला, असं तेव्हा मलाही वाटत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्याला ते खरं वाटत नाही. एका साली वही नेमकी त्या दिवसांत पांढुर्ण्याला अडकली. पांढुर्ण्याच्या एका बागवाल्यानं सावरगावकरांची यथेच्छ टर उडवून पानभर लिहिलं. बाबूजींनी ते पानभर झाकलं. मग वही सावरगावला गेली, आणि तिथल्या सभासदानं डोक्याला सहा टाके असताना त्या खाकी पानाखाली लिहिलं की पांढुर्ण्याच्या पाहुण्यांच्या बागेत चौथ्या ओळीतल्या झाडाला पाणी जास्त होत आहे, काही दिवस पाणी तोडून ताण द्यावा. बाबूजींनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

या नियमामागं काय होतं ते एकदाच बोलले, पुस्तक शिवता शिवता, मान वर न करता. त्यांच्या गावात भजनी मंडळ होतं. सरपंचाच्या निवडणुकीत मंडळाच्या दोन पार्ट्या झाल्या. एका पार्टीनं पेटी नेली, दुसरीनं मृदंग. थोरला भाऊ एकीकडे, हे दुसरीकडे. भाऊ अकरा वर्षं बोलला नाही आणि गेला तेव्हा त्याच्या घरच्यांनी यांना खांदा देऊ दिला नाही. "पेटी पडून सडली, मास्तर, अन् मृदंग उंदरानं खाल्ला," एवढं म्हणून त्यांनी दोरा दातानं तोडला. त्यानंतर ते सौसरला आले ते परत गावी गेले नाहीत.

म्हणूनच निवडणुकीचं साल आलं की ते जास्त कडक होत. एकदा एका उमेदवाराची माणसं जीप घेऊन दुकानासमोर उभी राहिली. वही चार गावं फिरते, तिच्यात आमची एक ओळ टाका. बाबूजी म्हणाले, झाडाचं लिवा. त्यातला एक हुशार निघाला. अमुक भाऊसाहेब निवडून आल्यास बागेला पूर्ण वेळ वीज देतील, असं त्यानं लिहून दिलं. बाबूजींनी भाऊसाहेबांचं नाव तेवढं झाकलं आणि बाकी ओळ ठेवली, कारण बागेची वीज झाडाची होती. नंतर त्यांच्या दुकानातलं सरकारी बांधणीचं काम वर्षभर बंद होतं. त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी शब्द ऐकला नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

किसन वाहनेला वहीत मी आणलं. आमच्या गावाशेजारच्या वस्तीवरचा तो, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला, पाठीवर पंप घेऊन दहा बागांत फवारणी करणारा. झाडांचं त्याला जे कळे, ते झाडांच्या मालकांना कळत नसे. आमच्या बागेत डिंक्या झालेल्या खोडाची साल तो अशी खरवडी, की खालच्या जिवंत सालीला ओरखडा येत नसे. मी म्हटलं, हे लिही. तो लाजला, मग लिहिलं. मोरचूद आणि चुन्याचा लेप कुठवर लावायचा, जखम आधी किती वाळू द्यायची, असं सहा ओळींत. पुढच्या फेऱ्यात मारोतराव बोंद्रे यांनी खाली लिहिलं, 'किसनचे म्हणणे बरोबर आहे. करून पाहिले.' मारोतराव म्हणजे रामाकोन्याकडचे मोठे बागाईतदार, नऊशे झाडांचे धनी. किसन त्यांच्याच बागेत फवारत असे. ते पान तो मला दाखवायला शाळेत आला आणि म्हणाला, "मालकानं माह्या नावापुढं बरोबर लिवलं, सर." त्यांच्या बागेत तो सात वर्षं राबत होता आणि त्यांनी त्याला तोंडी असं कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतरच्या चैत्रात पानं काळी करणाऱ्या कोळशी रोगासाठी फवारणी सुरू झाली. निवडणुकाही तोंडावर होत्या, गावोगाव भोंगे फिरत होते. वही रामाकोन्याहून परत आली, बाबूजींनी वाचली आणि पांढुर्ण्याला पाठवण्याआधी आमच्या घरचा एक प्रश्न लिहायला मी ती चाळली. एका पानावर पाच खाकी पट्ट्या एकीखाली एक चिकटवलेल्या होत्या. एवढं मोठं झाकण मी वहीत क्वचितच पाहिलं होतं. शेवटी फक्त नाव उघडं होतं, 'किसन वाहने'. मला वाटलं, भोंगे ऐकून किसनही बहकला. विचारू म्हटलं. पण परीक्षेचे पेपर तपासायचे होते, आणि पट्टीबद्दल विचारायची रीत नव्हती. मी विचारलं नाही. मी हे लिहितो आहे त्याचं अर्धं कारण ते आहे.

नऊ दिवसांनी किसनची मुलगी रंजू गेली. दुसरीत होती. दुपारी वस्तीच्या विहिरीवर आईसोबत गेली होती, तिथंच बादलीतलं पाणी प्यायली. उलट्या, मग हातपाय वाकडे होऊ लागले. बैलगाडीतून रामाकोन्याच्या स्टेशनवर आणली, सौसरला दवाखान्यात न्यायचं म्हणून. छोटी गाडी यायला वेळ होता. पोर फलाटावर आईच्या मांडीवर गेली. गाडी आली, थांबली आणि पुढं गेली. वस्तीतली आणखी चार माणसं आजारी होती, ती वाचली. पाण्यात फवारणीचं औषध होतं.

मी दुकानात जाऊन सांगितलं. बाबूजी सुईत दोरा ओवत होते. "कोन्ती विहीर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वस्तीची. ते उठले. वही योगायोगानं त्याच दिवशी पांढुर्ण्याहून परत आली होती. त्यांनी ते पान काढलं, फडकं ओलं करून पाच पट्ट्यांवर ठेवलं आणि वर तळवा दाबून बसले. स्वतःची खळ कशी सुटते ते त्यांना ठाऊक होतं. घाई केली तर शाई उठते. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. मग त्यांनी एकेक पट्टी सोडवली आणि वही माझ्याकडे वळवली.

किसनच्या मोठ्या, जोर देऊन काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

'मालक लोकांनी आमच्या लोकांचा विचार करावा. आमच्या वस्तीवर अन्याय होऊन राहिला आहे. बागेतल्या विहिरीवर पंप धुवू देत नाहीत, म्हणतात तुमच्या विहिरीवर धुवा. आमच्या विहिरीचा ओटा फुटला आहे. धुतलेले पाणी परत आत जाते. पाणी खाली गेले आहे, चार हातच राहिले आहे. दोघांना उलट्या झाल्या. बाया समोरच्या बाजूने पाणी काढतात तरी वास येते. बागेच्या कोपऱ्यात एक खड्डा करून द्यावा, पंप तिथे धुवू. कोणाच्या बागेत असा खड्डा असल्यास किती खोल करावा ते लिहावे.'

मी वाचून वर पाहिलं. बाबूजी माझ्याकडे पाहत नव्हते.

"मी दोन ओळी वाचल्या, मास्तर," ते म्हणाले. "मालक लोक. आमचे लोक. अन्याय. भोंग्यावर हेच चालू होतं. पुढं वाचलंच नाही. बोट खळीतच होतं."

मला त्यांची कीव आली नाही. तोंडावर येऊन राहिलं होतं, की बाबूजी, पंपसुद्धा झाडाचाच होता ना. पण माझंही नाव त्या पापात होतं, म्हणून गप्प बसलो. मी पट्ट्या पाहिल्या होत्या आणि किसन माझ्या भरवशावर वहीत आला होता. तोंडी त्यानं मारोतरावांना एकदा सांगितलं होतं. ते हौ म्हणाले आणि विसरले. म्हणून त्यानं चाळीस माणसांसमोर लिहिलं. मालकाच्या बरोबरीनं त्याला जिथं बसता येत होतं अशी जगात एकच जागा होती, ती वही. ते नऊ दिवस तो उत्तराची वाट पाहत होता. खड्डा किती खोल करावा, हे कोणीतरी लिहील म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाबूजी वही बगलेत मारून छोट्या गाडीनं रामाकोन्याला गेले. मीही गेलो. आधी मारोतरावांकडे. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. माणूस दुष्ट नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "हे वहीत मले दिसलं असतं त एका दिवसात खड्डा खोदून देल्ला असता, घागरेजी. वहीतलं मी कधी टाळलं हाये काय?" आता म्हणायला त्यांचं काय जात होतं, असं माझ्या मनात आलं. पण बाबूजींनी ते शब्द खरे धरले. मी बाबूजींकडे पाहिलं आणि कळलं, की हा माणूस आता हे वाक्य जन्मभर बाळगणार. मारोतरावांनी त्याच आठवड्यात खड्डा खोदला, चांगला कमरेएवढा.

तिथून वस्तीवर. किसन अंगणात खाटेवर बसला होता. बाबूजी जमिनीवर बसले. त्यांनी वही उघडून त्याच्यापुढं धरली, पट्ट्या काढलेलं पान, आणि पेन्सिल दिली. म्हणाले, तू लिव. जे लिवाचं ते लिव. मालकाचं लिव, माहं लिव, मी एक अक्षर झाकणार नाही. किसननं स्वतःच्या ओळी पाहिल्या. ओल्यामुळं शाई थोडी पसरली होती. पेन्सिल त्यानं घेतली नाही.

"आता कायले लिवू, बाबूजी," तो म्हणाला. "मी लिवलं होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाबूजींना बरं वाटलं असतं.

वही त्यानंतर कोणत्याच गावाला गेली नाही. पांढुर्ण्याचे लोक येऊन विचारून गेले, सावरगावचा तो टाक्यांवाला दोनदा आला. एकानं तर सुचवलं, की मजुरांचं लिहायला मागं वेगळी पानं ठेवू, झाडांची वेगळी. बाबूजी एवढंच म्हणाले, की मले आता वाचता येत नाही. पोथ्या आणि हजेरीपुस्तकं बांधत राहिले. बांधायला मजकूर वाचावा लागत नाही.

पण फवारणीच्या दिवसांत त्यांचं दुकान सकाळी बंद दिसू लागलं. ते पहिल्या गाडीनं रामाकोन्याला जात आणि तिथून चालत वस्तीवर. विहिरीचा फुटका ओटा त्यांनी गवंड्याबरोबर स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, बाजूनं नाली काढली होती. पंप आता बागेतल्या खड्ड्यावर धुतले जात. राखण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. तरी हा माणूस काठी घेऊन दुपारपर्यंत ओट्याच्या कडेला बसे. मी त्यांना कधी समजावलं नाही. प्रायश्चित्त करणाऱ्या माणसाला अडवू नये, असा माझा समज होता.

माझी बदली झाली त्या साली, श्रावणात, मी घरचं सामान आवरायला गावी गेलो होतो. वस्तीवरून जाताना पाहिलं, बाबूजी ओट्यावर बसलेले आणि दहा-बारा हातांवर बाया पाण्याच्या रिकाम्या गुंड्या घेऊन उभ्या. कोणी पुढं होत नव्हतं. त्यांच्यात किसनची बायको सुमन होती. ती पुढं आली, पदर डोक्यावर सारखा केला आणि सासऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात बोलली.

"बाबूजी, तुमी रोज इथं येऊन राहिले. तुमाले पाह्यलं का मले ते दुपार दिसते. या बायाही मले पाहून पाणी भराले लाजतात. आमाले पाणी पाह्यजे, बाबूजी. तुमी घरी जा."

बाबूजींनी मान हलवली. काठीवर भार देऊन उठले, बसल्या जागेवरची धूळ हातानं पुसली आणि चपला पायात घालून स्टेशनच्या वाटेला लागले. मी हाक मारली नाही. ते वळणाआड होईपर्यंत एकाही बाईनं विहिरीत दोर सोडला नाही.